‘पिशवीचा कॅन्सर’ : एका शब्दाची चिकित्सा

कोल्हापुरात विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात जेवणाच्या सुट्टीत एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. त्यांच्या हातात आरोग्यविषयक माहितीचे चार पानी पत्रक होते. म्हणाल्या, "मॅडम, माझ्या सासूबाईंची पाळी जाऊन नऊ वर्षे झाली. दिवाळीपासून पुन्हा मधूनमधून अंगावर जातंय. त्या म्हणतात, उष्णता वाढली असेल. मला कॅन्सरची शंका आली म्हणून हे वाचलं. पण यातलं काहीच त्यांना लागू पडत नाही."

मी पत्रक वाचले. शीर्षक होते ‘गर्भाशयाचा कर्करोग’. लहान वयात लग्न, अनेक बाळंतपणे आणि विषाणूचा संसर्ग ही कारणे दिली होती. पॅप तपासणी करून घ्या, मुलींना लस द्या, लवकर निदान झाले तर आजार बरा होतो, असा सल्ला होता. सासूबाईंना एकच मूल, तेही उशिरा झालेले. चार वर्षांपूर्वीची पॅप तपासणी निर्दोष. म्हणजे पत्रकाच्या हिशेबाने त्या सुरक्षित! ते वाचून सुनेची शंका निम्मी झाली होती.

पत्रकातील एकही वाक्य खोटे नव्हते. मात्र ती सर्व वाक्ये दुसऱ्याच आजाराविषयी होती. मी वैद्यक नाही, जीवरसायनशास्त्र हा माझा विषय. तरीही त्यांना एवढे सांगितले, की याच आठवड्यात सासूबाईंना स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पुढे काय झाले ते शेवटी सांगते. त्याआधी त्या पत्रकाची आणि त्या जातीच्या सर्वच लेखनाची थोडी चिकित्सा करू. असे लेखन आपण शिक्षक मंडळी फलकावर लावतो, पालकसभेत वाचून दाखवतो, विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी देतो. त्यातील दोषांची जबाबदारी म्हणून काही अंशी आपलीही आहे.

एक अवयव, दोन आजार

उलट्या धरलेल्या पेरूसारखा गर्भाशयाचा आकार असतो. खालचा अरुंद, योनीत उघडणारा भाग म्हणजे गर्भाशयमुख. वरच्या रुंद भागाच्या आतील अस्तराला अंतःस्तर म्हणतात. दर महिन्याला वाढतो आणि पाळीच्या वेळी गळून जातो तो हाच. या दोन्ही ठिकाणी कर्करोग होऊ शकतो. बोलीभाषेत दोन्हींना ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात, आणि पत्रकांत दोन्हींचा ‘गर्भाशयाचा कर्करोग’ होतो. प्रत्यक्षात त्यांची कारणे, वय, खुणा आणि तपासण्या वेगळ्या आहेत.

गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी मानवी पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संबंध उलगडल्याबद्दल हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूविरुद्ध लस आहे. कर्करोग होण्यापूर्वी कित्येक वर्षे पेशींत बदल दिसू लागतात, म्हणून पॅपसारखी चाळणी तपासणीही उपयोगी पडते. अंतःस्तराच्या कर्करोगाचा या विषाणूशी संबंध नाही. ती लस त्याला रोखत नाही. पॅप तपासणी गर्भाशयमुखाच्या पेशींसाठी आहे, अंतःस्तराबद्दल ती भरवशाचे उत्तर देऊ शकत नाही.

शब्दाच्या गोंधळाने शास्त्रज्ञांचीही वाट अडल्याचे उदाहरण आहे. इटलीतील रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ साली व्हेरोना शहरातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. विवाहित स्त्रियांपेक्षा जोगिणींमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी, असे त्यांना आढळले. त्यांच्या नोंदींत ‘गर्भाशय’ हा एकच रकाना होता. आज आपल्याला माहीत आहे, की गर्भाशयमुखाचा कर्करोग जोगिणींमध्ये कमी असणार, पण अपत्य न झाल्यामुळे अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका मात्र थोडा जास्त असणार. एका रकान्यात दोन विरुद्ध कल एकत्र पडले आणि मोठ्या आकड्याने लहान आकडा झाकला. आपली पत्रके आजही तोच एक रकाना वापरत आहेत.

पत्रक लिहिणाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वांत जास्त असल्याचे तिच्यातून दिसले. पुढे उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर नेहमीच्याच सेवेवर असलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४. मराठवाड्याच्या खेड्यांतून जगाला मिळालेला हा मोलाचा पुरावा आहे. जागृतीचा सगळा भर गर्भाशयमुखावर आला, तो योग्यच होता. २०२० सालच्या अंदाजानुसार भारतात त्याचे सुमारे १ लाख २४ हजार नवे रुग्ण होते आणि गर्भाशयाच्या मुख्य भागाच्या, म्हणजे बहुतांशी अंतःस्तराच्या, कर्करोगाचे सुमारे १६ हजार. माझा आक्षेप एवढाच आहे, की शीर्षकात ‘गर्भाशयमुख’ असे लिहायला हवे होते. एका शब्दाच्या आळसाने सोळा हजार स्त्रिया पत्रकाबाहेर राहिल्या. आणि हा आकडा स्थिर नाही. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली सुरू केलेल्या मुंबईच्या नोंदणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण दशकानुदशके घटताना आणि गर्भाशयाच्या मुख्य भागाच्या कर्करोगाचे वाढताना दिसते.

कारणांची यादी नको, साखळी हवी

अंतःस्तराच्या कर्करोगाविषयी स्वतंत्र लिहिलेले लेखही मी काही वाचले. त्यांत एक यादी असते: लठ्ठपणा, मधुमेह, मूल नसणे, पाळी लवकर सुरू होणे व उशिरा जाणे, बीजांडकोशातील पुटींचा आजार, टॅमॉक्सिफेन हे औषध. विद्यार्थी ती पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. वाचणारी स्त्री मात्र ती आरोपपत्रासारखी वाचते. मूल झाले नाही, हाही माझाच दोष!

खरे तर यादीतील बहुतेक नावांमागे एकच सूत्र आहे आणि त्याची सामग्री दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. मासिक चक्राच्या पहिल्या भागात इस्ट्रोजेन हे संप्रेरक अंतःस्तराच्या पेशींना वाढायला लावते. बीजांड बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन तयार होते. ते ही वाढ थांबवते आणि अस्तर पक्व करते. आपल्या भागातील मुलांना उसाचे उदाहरण लगेच कळेल. नत्र दिले की ऊस वाढतो. पण शेवटपर्यंत नत्रच देत राहिले तर ऊस नुसता वाढत राहतो, पक्व होत नाही आणि उतारा घसरतो. प्रोजेस्टेरॉनचा आवर नसताना इस्ट्रोजेनचे काम वर्षानुवर्षे चालू राहिले, की पेशीविभाजनाच्या फेऱ्या वाढतात. प्रत्येक विभाजनात जनुकांची नक्कल करताना चूक होण्याची शक्यता असते आणि अशा चुका साठत जातात.

आता यादी पुन्हा वाचा. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोश इस्ट्रोजेन बनवणे जवळपास थांबवतात, पण चरबीच्या पेशींत ॲरोमॅटेज नावाचे विकर असते. ते अधिवृक्क ग्रंथीतून येणाऱ्या संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते. चरबी जास्त असेल तर हे इस्ट्रोजेन जास्त, आणि प्रोजेस्टेरॉन मात्र नाही. पुटींच्या आजारात अनेकदा बीजांड बाहेरच पडत नाही, म्हणून प्रोजेस्टेरॉन बनत नाही. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन भरपूर असते, म्हणून प्रत्येक गरोदरपण अस्तराला विसावा देते. पाळी लवकर आली व उशिरा गेली, तर इस्ट्रोजेनची वर्षे वाढतात. ज्या संततिनियमनाच्या गोळ्यांत दोन्ही प्रकारची संप्रेरके असतात, त्या घेतल्याने हा धोका कमी होतो. अमेरिकेत रजोनिवृत्तीच्या त्रासावर नुसते इस्ट्रोजेन देण्याची पद्धत होती. १९७५ साली दोन अभ्यासांनी दाखवले, की त्यामुळे अंतःस्तराच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यानंतर गर्भाशय असलेल्या स्त्रियांना सोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध देण्याची पद्धत आली. यादीतले सगळे मणी असे एका दोऱ्यात ओवले जातात.

दोऱ्याबाहेरही काही मणी आहेत. शंभरातील सुमारे तीन रुग्णांत लिंच संलक्षण हा आनुवंशिक दोष असतो. जनुकांच्या नकलेतील चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच त्यांच्यात अधू असते. अशा घराण्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोगही आढळतो. शिवाय सडपातळ, लेकुरवाळ्या स्त्रीलाही अंतःस्तराचा कर्करोग होतो. धोका वाढवणारा घटक म्हणजे त्या व्यक्तीच्या आजाराचे कारण नव्हे, हे वाक्य अशा प्रत्येक लेखात असायला हवे.

‘अडीचपट’ म्हणजे किती?

टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर स्वतःच इस्ट्रोजेनसारखे वागते. ‘या औषधाने गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका अडीचपट होतो’ असे वाक्य छापले जाते. वाक्य बरोबर आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत तसेच आढळले. पण कशाच्या अडीचपट? त्या चाचणीत औषध न घेणाऱ्यांमध्ये दर हजार स्त्रियांमागे वर्षाला ०.९१, आणि घेणाऱ्यांमध्ये २.३० इतके रुग्ण आढळले. म्हणजे हजारात वर्षाला साधारण एकाऐवजी दोन किंवा तीन. त्याच चाचणीत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. ‘अडीचपट’ एवढेच वाचून एखादी रुग्ण गोळ्या बंद करील. दोन्ही आकडे वाचले, तर गोळ्या चालू ठेवील आणि अंगावर जाऊ लागल्यास लगेच डॉक्टरांना सांगेल. पट सांगताना मूळ आकडा सांगायचाच, हा नियम अंकगणिताच्या तासालाच शिकवता येईल.

नव्वद आणि नऊ

आता सासूबाईंच्या खुणेकडे येऊ. रजोनिवृत्तीनंतर या कर्करोगाचे निदान होणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नव्वद जणींना रक्तस्राव झालेला असतो. दुसऱ्या बाजूने, रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला म्हणून तपासलेल्या शंभर जणींपैकी सुमारे नऊ जणींनाच हा कर्करोग निघतो. बाकीच्यांमध्ये अस्तर पातळ होणे, साधी गाठ अशी कारणे असतात. नव्वद आणि नऊ हे आकडे वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. पहिल्यात छेद रुग्णांचा आहे, दुसऱ्यात रक्तस्राव झालेल्या स्त्रियांचा. लेखांमधून बहुधा फक्त पहिला आकडा येतो. वाचणारीला वाटते, आपल्याला कर्करोग असण्याची शक्यता नव्वद टक्के आहे. मग घाबरून ती कुणालाच सांगत नाही. दोन्ही आकडे समोर ठेवले तर अर्थ सरळ होतो: बहुधा काही गंभीर नाही, पण शंभरात नऊ ही शक्यता सोडून देण्याइतकी लहानही नाही. अकरा जणींत एक!

या कर्करोगासाठी सर्वसामान्य स्त्रियांची चाळणी करणारी सिद्ध तपासणी अजून नाही. त्याची चाळणी शरीरच करते आणि खूण स्पष्ट दाखवते. पाळी जाऊन एक वर्ष झाल्यावर आलेला रक्ताचा डागसुद्धा तपासण्यायोग्य असतो. पाळी चालू असलेल्यांनी, विशेषतः पंचेचाळिशीनंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये जाणारे किंवा नेहमीपेक्षा फार जास्त जाणारे रक्त दाखवून घ्यावे. स्वनातीत ध्वनिलहरींनी, म्हणजे सोनोग्राफीने, अस्तराची जाडी मोजतात. रजोनिवृत्तीनंतर ती ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर कर्करोगाची शक्यता फार कमी असते. जाडी जास्त असेल किंवा रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तर अस्तराचा नमुना घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निदान त्या नमुन्यानेच होते.

पाच वर्षांचा आकडा

‘या आजारात पाच वर्षे जगण्याचे प्रमाण ८१ टक्के आहे’, हे वाक्य अमेरिकेच्या नोंदींवरून आपल्या लेखांत येते. त्याचा अर्थ क्वचितच सांगितला जातो. त्याच वयाच्या, हा आजार नसलेल्या लोकांशी तुलना करून हे प्रमाण काढतात. पाच वर्षांनी काही होते असे नाही, मोजण्यासाठी घेतलेली ती एक मुदत आहे. शिवाय तो आकडा काही वर्षांपूर्वी निदान झालेल्यांचा असतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ती सरासरी आहे. कर्करोग गर्भाशयातच असताना सापडला तर हे प्रमाण सुमारे ९५ टक्के असते, आसपास पसरल्यावर ७० आणि दूरच्या अवयवांत गेल्यावर सुमारे २०. अमेरिकेत दोन तृतीयांश रुग्ण पहिल्या अवस्थेत सापडतात. वर्गात गणित करून पाहा. शंभर रुग्णांपैकी ६८, २१ आणि ११ अशी वाटणी धरली, तर सरासरी सुमारे ८१ येते. आता औषधे, डॉक्टर, आजार सगळे तेच ठेवा आणि तिन्ही अवस्थांत रुग्ण सारखे आहेत असे माना. सरासरी ६२ वर येते. शंभरांमागे एकोणीस जणींचा हा फरक केवळ उशिराचा आहे. परक्या देशाची सरासरी आपल्या रुग्णाला का लावू नये, हेही यातूनच समजते.

अवस्था सारखी असली तरी सर्व गाठी सारख्या नसतात. २०१३ साली जनुकांच्या अभ्यासातून या कर्करोगाचे चार गट दिसून आले. काहींचा वर्तणूक-क्रम अतिशय सौम्य, तर काहींचा उग्र. ‘माझे काय?’ या प्रश्नाला नमुन्याचा अहवाल पाहूनच उत्तर मिळते. पत्रकातून ते मिळत नाही.

भीतीची किंमत

येथवर वाचून कोणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? लोक घाबरले तर घाबरू देत, निदान तपासणी तरी करतील. याचे उत्तर आपल्या दारात येते. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या कोल्हापूरकडे येतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. एक दिवस काम बुडाले की खाडा. कारखान्यांजवळच्या कोप्यांत न्हाणीघर नाही, पाणी नाही. पाळीत रक्त जास्त जाणे, पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे या तक्रारी नित्याच्या. महाराष्ट्र शासनाने २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे दर शंभरात सुमारे सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असल्याने काटेकोर तुलना करता येणार नाही, पण पाचपटीचा फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

यामागे गरिबी आहे, खाड्याची भीती आहे, काही ठिकाणी धंदाही आहे. त्याचबरोबर ‘पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल’ हे वाक्यही आहे. अनेक स्त्रियांनी ते ऐकल्याचे सांगितले. आता आपल्याला विचारता येते: कोणता कॅन्सर? अंतःस्तराच्या कर्करोगाचे शंभरातील फक्त चार-पाच रुग्ण चाळिशीच्या आतले असतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी आहे, त्याआधीच्या बदलांवर लहानसे उपचार आहेत. पांढरे जाणे बहुधा संसर्गाचे, औषधाने बरे होणारे. तिशीतील स्त्रीचे गर्भाशय केवळ या भीतीने काढण्याला आधार नाही. सोबत बीजांडकोशही काढले, तर अवेळी रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे निर्देश राज्यांना दिले.

शस्त्रक्रिया स्वतः वाईट नाही. अंतःस्तराच्या कर्करोगावर गर्भाशय काढणे हाच मुख्य उपचार आहे आणि पहिल्या अवस्थेत अनेकदा तेवढाच पुरतो. पण एकाच संदिग्ध शब्दाने दोन्हीकडे नुकसान केले आहे. तिशीतल्या बाईला शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले, आणि साठीतल्या बाईला ‘उष्णता’ म्हणत घरी बसवले.

आपण काय करावे?

पत्रक फलकावर लावण्यापूर्वी त्याला चार प्रश्न विचारावेत. आजाराचे पूर्ण नाव दिले आहे का? कारणांमागची साखळी सांगितली आहे का? पट दिला असेल तर मूळ आकडा दिला आहे का? टक्केवारी कोणाच्या शंभरातील, हे लिहिले आहे का? नववी-दहावीचे विद्यार्थी हे प्रश्न सहज विचारू शकतील. मासिक चक्राचा धडा शिकवताना रजोनिवृत्तीपाशी आल्यावर एक वाक्य जोडावे: ‘पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ती पाळी नव्हे. डॉक्टरांना दाखवावे.’ वर्गातील प्रत्येक मुलाच्या आणि मुलीच्या घरी आजी, आत्या, मावशी आहे. वाक्य घरी पोहोचेल.

त्या सासूबाईंचा अहवाल दोन आठवड्यांनी आला. अस्तर पातळ झाल्यामुळे रक्त जात होते, कर्करोग नव्हता. शंभरातील एक्याण्णव जणींत त्या निघाल्या. सुनेने आनंदाने दूरध्वनी केला आणि म्हणाली, "मग पत्रक बरोबरच होतं की!" मी म्हटले, "नाही. पत्रकाला तुमच्या सासूबाईंबद्दल काहीच माहीत नव्हतं. नमुना तपासल्यावर आपल्याला कळलं." पुढच्या महिन्यात त्यांनी ते पत्रक शाळेच्या फलकावर लावले, पण शीर्षकात ‘गर्भाशय’च्या पुढे लाल शाईने ‘मुख’ हा शब्द भरून.